जामीन कोण राहणार?

आमच्या शाळेत दर जूनमध्ये मुलांची माहिती नव्याने भरून घ्यावी लागते. नाव, पत्ता, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय. माझ्या वर्गातील एका मुलीच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात सलग तीन वर्षे ‘सौदी’ असे लिहिलेले होते. आमचे गाव यंत्रमागांचे. निम्म्या मुलांचे बाप मागावर आणि उरलेल्यांपैकी बरेच आखातात, त्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही. मुलगी सातवीत असताना, रमजानच्या आधीच्या आठवड्यात, एक माणूस शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. शिपायाने दोनदा सांगूनही तो आत येईना. शेवटी मीच बाहेर गेले. तो त्या मुलीचा बाप होता. सौदीहून नव्हे, शिक्षा भोगून तुरुंगातून आला होता. “टीचर, कहीं काम का बोल देना. आप बोलेंगे तो रख लेंगे,” एवढेच तो म्हणाला.

मी “बघते” म्हणाले, आणि बघितले नाही. त्या महिन्यात परीक्षा होत्या, मग ईद आली, मग सुट्टी लागली. ही कारणे मी तेव्हाही स्वतःला दिली होती. खरे कारण असे होते की एखाद्या मालकापुढे जाऊन ‘हा माणूस मी सांगते म्हणून ठेवा’ असे म्हणण्याची माझी हिंमत नव्हती.

मराठीत ‘जामीन’ या शब्दाला दोन कामे करावी लागतात. कोर्टातून जामीन ‘मिळतो’ आणि माणूस माणसाला जामीन ‘राहतो’. आम्ही उर्दूवाले पहिल्याला जमानत म्हणतो आणि दुसऱ्याला, म्हणजे हमी घेणाऱ्या माणसाला, ज़ामिन. मराठीने दोन्ही एकाच शब्दात बसवले. पण व्यवहारात पहिल्या जामिनासाठी वकील, कोर्ट, कायदा सगळे काही आहे. दुसऱ्यासाठी काय आहे, हा प्रश्न त्या फाटकाशी उभ्या माणसाने माझ्यापुढे टाकला. पुढे प्रौढशिक्षणाच्या इतिहासाचे वाचन करताना मला एका मास्तरची गोष्ट सापडली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्याच्यापुढेही आला होता, आणि त्याने माझ्यासारखे केले नव्हते.

त्याचे नाव जेम्स ऑर्गन. गाव आयर्लंडमधील डब्लिन. दिवसभर राबणाऱ्या प्रौढ कामगारांसाठी तेथे रात्रशाळा चालत. ऑर्गन त्यांचा प्रमुख होता. १८५० नंतरच्या दशकात सरकारने त्याला तुरुंगात व्याख्याने देण्यासाठी नेमले, आणि पुढे ‘सुटलेल्या कैद्यांचा निरीक्षक’ असे एक नवेच पद त्याला मिळाले. सुटलेल्या माणसाला समाजात परत रुजवण्यासाठी सरकारने पगार देऊन नेमलेल्या जगातल्या अगदी पहिल्या माणसांपैकी तो एक. तो ना पोलीस होता, ना पाद्री, ना वकील. शाळामास्तर होता, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

हे पद का लागले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. त्या काळी इंग्लंड-आयर्लंडमधील मोठ्या शिक्षेचे कैदी जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवले जात. आपल्याकडच्या काळ्या पाण्याचाच तो प्रकार. या पद्धतीची क्रूरता सर्वांना ठाऊक आहे, पण तिची एक सोय फारशी बोलली जात नाही. शिक्षा संपलेला माणूस आपल्या गल्लीत परत येतच नसे. आला तरी हजारात एखादा. त्यामुळे ‘सुटल्यावर काय?’ हा प्रश्न शेजाऱ्यांपुढे उभाच राहिला नाही. १८५३ मध्ये व्हॅन डिमेन्स लँडने, म्हणजे आजच्या टास्मानियाने, कैदी घेणे बंद केले. बहुतेक जहाजे थांबली आणि माणसे देशातच राहिली. आयर्लंडमध्ये तर परिस्थिती आणखी वाईट होती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने दुष्काळ आला, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितक्याच किंवा त्याहून जास्त माणसांनी देश सोडला. भुकेपायी चोरी करणाऱ्यांनी तुरुंग ओसंडून वाहत होते. कोंडायला जागा नव्हती आणि सोडायला धीर होत नव्हता.

१८५४ मध्ये आयर्लंडच्या तुरुंगांचा कारभार वॉल्टर क्रॉफ्टन या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडे आला. त्याने शिक्षेच्या पायऱ्या केल्या. पहिले आठ-नऊ महिने डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगात एकांतवास. मग कॉर्कजवळच्या स्पाइक बेटावर इतरांबरोबर सक्तमजुरी. तेथे प्रत्येक कैद्याला दर महिन्याला गुण मिळत, जास्तीत जास्त नऊ. तीन वागणुकीचे, तीन कामाचे आणि तीन शाळेचे. गुणांची ही कल्पना मूळची अलेक्झांडर मॅकोनोची याची. त्याने १८४० ते १८४४ या काळात नॉरफोक बेटावर ती वापरून पाहिली होती. पण शाळेला कामाइतकेच वजन देणारा हा हिशेब वाचून मला मौज वाटली. त्यातही गुण हुशारीला नव्हते, लक्ष देण्याला आणि शिकण्याच्या इच्छेला होते. आमच्या प्रगतिपुस्तकात अजून ही सोय नीट झालेली नाही.

खरी नवी गोष्ट तिसऱ्या पायरीवर होती. ठरावीक गुण मिळवलेला कैदी सुटण्याआधी काही महिने एका ‘मधल्या’ तुरुंगात येई. नावाला तुरुंग, पण जवळजवळ बिनकुलपाचा. हातकाम करणाऱ्यांसाठी डब्लिन शहरातील स्मिथफील्ड आणि मातीतले काम करणाऱ्यांसाठी शहराच्या उत्तरेला लस्कची पडीक जमीन. लस्कला दगडी भिंत नव्हती. लोखंडी पत्र्याच्या दोन मोठ्या झोपड्या होत्या, प्रत्येकीत पन्नास माणसे मावतील अशा. देखरेखीला मोजके रखवालदार, तेही बिनहत्यारी. कैदी ती दलदलीची जमीन खोदून, पाणी काढून शेतीजोगी करीत. आठवड्याला थोडी मजुरी मिळे. तीतले काही पैसे खर्च करायचे की साठवायचे हे कैद्यानेच ठरवायचे. जवळपासच्या लोकांना आधी भीती वाटली आणि ते साहजिकच होते. पण रविवारी हीच माणसे गावच्या चर्चमध्ये त्यांच्या शेजारी येऊन बसू लागली.

क्रॉफ्टनचे म्हणणे असे होते की भिंतीच्या आड चांगले वागणे म्हणजे काहीच नाही, कारण तेथे वाईट वागायला जागाच नसते. माणूस सुधारला की नाही हे मोहाच्या जवळ नेऊनच कळेल. आणि दुसरे म्हणजे, मालकाला काही तरी पाहायला मिळाले पाहिजे. ‘हा कैदी चांगला आहे’ असे जेलर सांगतो, त्यावर कोण विश्वास ठेवणार? पण हा माणूस सहा महिने उघड्यावर होता, पळाला नाही, पैसे साठवले, हे मालक स्वतः येऊन बघू शकत होता.

ऑर्गनचे काम येथे सुरू होई. स्मिथफील्डमध्ये तो संध्याकाळी व्याख्याने देई. विषय भूगोलाचे, वसाहतींत जाऊन वस्ती करण्याचे, बचतीचे, दारूचे. उपदेश कमी आणि माहिती जास्त. कोणत्या देशात कोणत्या कामाला किती मजुरी मिळते, बोटीचे भाडे किती, हे त्या माणसांना हवे होते आणि त्याने ते दिले. प्रौढांना शिकवणाऱ्याला हे आपोआप कळते. मोठ्या माणसाला गोष्टीचे तात्पर्य सांगितले की तो जांभई देतो.

मात्र व्याख्यानांपेक्षा त्याची पायपीट मोठी होती. डब्लिन आणि आसपासच्या कारखानदारांकडे, ठेकेदारांकडे, शेतमालकांकडे तो स्वतः जाई. दार ठोठावून सांगे की माझ्याकडे एक माणूस आहे, तो कैदी होता, आता सुटतो आहे, त्याला ठेवून बघा. बहुतेक जण नाही म्हणत. तो पुढच्या दाराकडे वळे. कोणी तयार झाला तर माणूस कामाला लागल्यावर ऑर्गनचे काम संपत नसे, वाढत असे. साधारण दर पंधरवड्याला तो कामाच्या ठिकाणी जाऊन मालकाला विचारी, माणसाला विचारी, वहीत नोंद करी. काही काळाने असे झाले की ज्या मालकाने भीत भीत एक माणूस घेतला होता, तोच आणखी माणसे मागू लागला.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एकच अट. मालकाला सत्य सांगायचे. त्याच काळात इंग्लंडमध्ये परवान्यावर सुटलेल्या कैद्यांवर देखरेख जवळजवळ नव्हती. माणसाने भूतकाळ लपवून नोकरी धरायची, कोणी तरी ओळखायचे, नोकरी जायची, असे चक्र चाले. १८६२ मध्ये लंडनला पिल्किंग्टन नावाच्या खासदाराला रस्त्यात गळा आवळून लुटले गेले. वृत्तपत्रांनी त्यावर रान उठवले आणि सगळा दोष परवान्यावरच्या कैद्यांवर ढकलला. पुढे १८६४ च्या कायद्याने त्यांना दर महिन्याला पोलिसांकडे हजेरी लावणे भाग पडले. म्हणजे आयर्लंडच्या पद्धतीतील पहारा उचलला गेला आणि ऑर्गन मागे राहिला. डब्लिनबाहेरच्या कैद्यांची हजेरी आयर्लंडमध्येही पोलिसांकडेच होती, हे खरे. पण शहरात ज्याच्याकडे जायचे तो माणूस नोकरी शोधून देणारा होता. हजेरी त्याचीही होती आणि याचीही. फरक इतकाच की एका दारात गेले की काम मिळण्याची शक्यता वाढे, दुसऱ्या दारात गेले की असलेले काम जाण्याची.

या प्रयोगाचे गोडवे गाणाऱ्यांनी थोडी अतिशयोक्ती केली, हेही सांगायला हवे. आयर्लंडमधील कैद्यांची संख्या त्या वर्षांत घटली, पण दुष्काळ सरला होता आणि लाखो तरुण अमेरिकेला निघून गेले होते. त्याचे श्रेय क्रॉफ्टनला कसे देता येईल? सुटलेल्यांपैकीही अनेकांनी देश सोडला. इंग्लंडच्या तुरुंग अधिकाऱ्यांनी तेव्हाच हे आक्षेप घेतले होते आणि ते निव्वळ मत्सरापोटी होते असे म्हणता येणार नाही. पण आक्षेप आकड्यांवर होते. ऑर्गनने ज्याला काम मिळवून दिले त्याला ते मिळालेच होते.

ही हकिकत आपल्याकडे पोचवू शकेल अशी एक बाई होती. ब्रिस्टलची मेरी कार्पेंटर. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले, त्याआधी तिने त्यांना पाहिले होते आणि हिंदुस्थानची ओढ तेव्हापासूनची. गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांसाठी शाळा काढणारी ही बाई क्रॉफ्टनच्या पद्धतीची मोठी पुरस्कर्ती होती. १८६४ च्या तिच्या ग्रंथात आयरिश पद्धतीचे सविस्तर वर्णन आहे. १८६६ मध्ये ती मुंबईला उतरली. अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता अशी फिरली. मुलींच्या शाळा पाहिल्या आणि तुरुंगही पाहिले. पुढे १८७६ मध्ये सुधारगृह शाळांचा कायदा झाला. मुलांच्या बाबतीत काही तरी हलले. मोठ्यांच्या बाबतीत मात्र १८९४ चा तुरुंग कायदा आला आणि तो कोठडी, शिस्त, शिक्षा यांच्यापलीकडे फारसा गेला नाही. सुधारणा आणि पुनर्वसन हे तुरुंगाचे उद्दिष्ट आहे असे सरकारी समितीने स्पष्टपणे म्हणायला १९१९-२० साल उजाडावे लागले.

मोठ्यांसाठी मोकळ्या आकाशाखालचा प्रयोग आपल्या मातीत झाला तो एका छोट्या संस्थानात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हटले की आपल्याला सूर्यनमस्कार आणि चित्रसंग्रहालय आठवते. १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यघटना दिली. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमधून आलेला ज्यू इंजिनिअर औंधला वावरत होता. गांधींच्या सहवासात तो भारतानंद झाला होता. त्याच्या आग्रहावरून राजांनी आटपाडीच्या माळावर कैद्यांची उघडी वसाहत वसवली. नाव ठेवले स्वतंत्रपूर. वॉर्सातला ज्यू, साताऱ्याकडचा ब्राह्मण राजा आणि खुनाच्या गुन्ह्यातले शेतकरी! असा मेळ कादंबरीत घातला तर संपादक कात्री लावील.

ग. दि. माडगूळकर याच आटपाडी भागातले. त्यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखे बारह हाथ’ काढला. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. आपल्या मनात या विषयाचे जे काही चित्र आहे ते बहुतेक त्या सिनेमाचे आहे, आणि ते फार सुंदर आहे. पण सिनेमात एक देवमाणूस असतो आणि त्याच्या नजरेच्या धाकाने सहा खुनी सुधारतात. प्रत्यक्षातील स्वतंत्रपूरची खरी देणगी नजर नव्हे, घर आहे. तेथे कैद्याला बायकामुलांसह राहण्याची मुभा आहे. तो शेत कसतो आणि संध्याकाळी स्वतःच्या चुलीपाशी बसतो. लस्कला ही कल्पना सुचली नव्हती. सुटलेल्या माणसाला नोकरी मिळवून देण्याचा प्रश्न मोठा आहेच, पण ज्याचे घर मधल्या काळात मोडते त्याला परत जायला उंबरठाच नसतो. १९४८ मध्ये औंध विलीन झाले, तरी ही वसाहत टिकली. राज्यात पुढे येरवड्याला आणि पैठणलाही खुली कारागृहे झाली. मात्र तेथे पोचणारे कैदी एकूण कैद्यांच्या मानाने मूठभर. आणि कच्च्या कैद्याला, ज्याचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे, त्याला तर तो रस्ताच नाही. शिक्षा झाल्यावर खुले कारागृह आणि शिक्षा होण्याआधी कोंडवाडा, हा न्याय मला मुलांना समजावून सांगता येणार नाही.

उर्दूच्या शिक्षकाला या इतिहासात एक ओळखीचे नाव भेटते. आनंद नारायण मुल्ला. लखनऊचे काश्मिरी पंडित, अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि उर्दूचे नामवंत शायर. १९६४ चा साहित्य अकादमीचा उर्दू पुरस्कार त्यांना मिळाला होता. गझला शिकवताना मी त्यांचे नाव अनेकदा फळ्यावर लिहिले. पण १९८० मध्ये नेमलेल्या अखिल भारतीय तुरुंग सुधारणा समितीचे अध्यक्ष तेच, हे मला फार उशिरा कळले. १९८३ मध्ये समितीने अहवाल दिला. सुटकेनंतरची मदत ही दयेची बाब नसून तुरुंगाच्या कामाचाच भाग आहे आणि तिची तयारी माणूस आत असतानाच सुरू झाली पाहिजे, अशी त्या अहवालाची दिशा होती. तीसएक वर्षे आधी, १९५४ मध्ये, मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही सुटकेनंतरच्या सेवांचा विचार केला होता. अहवालांची कमतरता आपल्याकडे कधीच नव्हती. २०२३ मध्ये केंद्राने नवा आदर्श तुरुंग कायदा राज्यांना पाठवला. त्यातही सुटकेनंतरच्या पुनर्वसनाचा उल्लेख आहे.

पायपीट करणारा माणूस मात्र कमी सापडतो. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९९० मध्ये ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू केला. त्याचे कार्यकर्ते पोलीस ठाण्यांत, कोर्टांत आणि तुरुंगांत जाऊन बसू लागले. त्यांची एक युक्ती ऑर्गनला आवडली असती. सुटलेल्या माणसाला एकदम बाजारात न सोडता काही महिने एखाद्या स्वयंसेवी संस्थेत मानधनावर उमेदवार म्हणून ठेवायचे. वेळेवर येण्याची सवय लागते, आणि पुढच्या मालकाने ‘याआधी कुठे होतास?’ विचारले तर सांगायला एक खरे उत्तर असते. लस्कची पत्र्याची झोपडीच ही, फक्त भिंतीच्या बाहेर आणलेली.

आमच्या समाजापुरते बोलायचे तर हा विषय टाळून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के होते. तुरुंगातले प्रमाण त्याहून कितीतरी जास्त असते, हे केंद्र सरकारचीच वार्षिक आकडेवारी वर्षानुवर्षे सांगत आली आहे. कारणांत पोलिसांचा पूर्वग्रह आहे, गरिबी आहे, वकील न परवडणे आहे, आणि आमच्या मोहल्ल्यांतले शाळा सोडणारे पोरही आहेत. यांतले कोणते किती, यावर सभांतून वाद होतो आणि व्हावाही. पण परत आलेल्या माणसासाठी आम्ही काय करतो? जकात देतो, रमजानमध्ये किराणा देतो. पोलिसांविरुद्ध तक्रार असली तर मोर्चातही जातो. मात्र आपल्या कारखान्यात त्याला उभे करायची वेळ आली की आम्हीही पोलिसांचाच दाखला मागतो.

ऑर्गनबद्दल वाचल्यावर मी त्या मुलीकडून तिच्या वडिलांना निरोप पाठवला. तोवर वर्ष उलटले होते. तो आला, या वेळी फाटकाच्या आत. आम्ही तीन लूममालकांकडे गेलो. तिघेही माझ्या विद्यार्थ्यांचे पालक. मी आधीच सांगून टाकले की हा शिक्षा भोगून आला आहे. पहिल्याने चहा पाजला आणि ईदनंतर बघू म्हणाला. दुसऱ्याने विचारले, “टीचर, जिम्मेदारी किसकी?” मी माझी म्हणाले, तरी त्याने नको सांगितले. त्याचे घर कारखान्याच्या वरच होते आणि घरात मुली होत्या. त्याला काय बोलणार? तिसऱ्याने रात्रपाळीला ठेवले, कांडी भरायला. मागावर नंतर बघू म्हणाला.

दर दुसऱ्या शनिवारी शाळा सुटली की मी तिकडून जाते. मागांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येत नाही. मालक दारातूनच हात हलवून ‘ठीक आहे’ अशी खूण करतो. मधे एकदा त्याने खूण केली नाही, बाहेर येऊन सांगितले की दोन दिवस आला नाही. मी त्याच्या घरी गेले. तापाने पडला होता, आणि फोनमध्ये पैसे नव्हते. कळवायचे कोणाला, हे त्याला सुचले नव्हते. मी माझा नंबर त्याच्या मुलीच्या वहीवर लिहून दिला.